बंद पडलेली उष्णतेची मोट

मुलें परदेशीं स्थायिक झालीं, म्हणजे नातवंडाच्या निमित्तानें आपल्यापैकीं पुष्कळांस हिंवाळ्यांत तिकडे राहण्याचा योग येतो. तेथील घरांतल्या एका यंत्राशीं गेल्या पौषांत माझा जो परिचय झाला, तो घडतांना आमच्या सर्व मंडळींस एक दिवस थंडींत काढावा लागला. त्यांतून जें शिकावयास मिळालें तें इतरांच्या उपयोगीं पडावें, म्हणून हा लेख.

बॉस्टन शहराजवळील एका गांवीं आमच्या चिरंजीवांचें घर आहे. घर गरम राखण्यासाठीं तेथें हीट पंप बसविलेला आहे. आंत भिंतीवर एक पेटी, आपल्याकडील वातानुकूलन यंत्रासारखीच; घराबाहेर पंख्याची दुसरी पेटी; आणि दोहोंस जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या. ही एक प्रकारची विजेची शेगडीच असावी, अशी प्रथम माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. शेगडी उष्णता उत्पन्न करते. हें यंत्र बाहेरची उष्णता उपसून आंत आणतें. विहिरीवरील मोट ओढणारा बैल पाणी निर्माण करीत नाहीं, खालचें पाणी वर आणतो, तसेंच हें. म्हणूनच एक युनिट वीज खर्चून सौम्य थंडींत तीनेक युनिटें उष्णता मिळूं शकते. थंडी वाढली, म्हणजे विहीर खोल गेल्याप्रमाणें हें प्रमाण घटतें.

बर्फाळ हवेंत उष्णता कोठून येणार, अशी शंका कोणासही येईल. परंतु उणे 10 अंशांची हवाही निरपेक्ष शून्यापेक्षां सुमारें 263 अंशांनीं उष्णच असते. अशा यंत्रांत वापरला जाणारा आर-32 नांवाचा द्रव वातावरणाच्या दाबाखालीं उणे 52 अंशांच्या सुमारास उकळतो; तेव्हां असल्या हवेपासूनही त्यास ऊब मिळते व त्याची वाफ होते. ती वाफ दाबली कीं तापते, आणि ती उष्णता घरांत सोडली जाते. ही कल्पना विल्यम थॉम्सन, म्हणजेच पुढील लॉर्ड केल्व्हिन, यांनीं 1852 सालीं मांडली होती. झुरिकच्या नगरभवनांत 1938 मध्यें लिम्मत नदीच्या पाण्यांतून उष्णता घेणारें यंत्र बसलें.

आतां मूळ प्रसंगाकडे वळूं. चिरंजीव कामानिमित्त परगांवीं गेले होते. रात्रीं बर्फ पडून पहांटे मी उठलों, तों घर विलक्षण गार. तपमान 13 अंशांवर आलेलें, आणि भिंतीवरील पेटीचा दिवा नुसता लुकलुकत होता. घरांत तीन महिन्यांची नात. कारागिरास दूरध्वनि केला. तो दुसऱ्या दिवशींच येऊं शकणार होता.

बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवण्याची आपली जुनी रीत माझ्या मनांत आली. मोटारीच्या खोलींत कोळशाची शेगडी होती. ती आंत आणतों, असें मी म्हणालों. सूनबाई तत्काळ म्हणाल्या, "बाबा, तें मुळींच नको. इकडचीं घरें फटी बुजवून बांधलेलीं असतात. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाहीं, त्याला वास येत नाहीं, आणि माणूस झोपेंतच दगावतो." मी निमूटपणें शेगडी जागच्या जागीं ठेवली. मग एका खोलीचीं दारें लावून घेतलीं, विजेचा लहान हीटर थेट भिंतींतील खोबणींत लावला, आणि बाळास घेऊन आमची मंडळी तेथें बसली.

नंतर सूनबाईंनीं यंत्राची पुस्तिका काढली व आम्हीं क्रमानें तपास आरंभिला. रिमोटवर सूर्याचें चिन्ह, म्हणजे गरम करण्याची आज्ञा, आहे ना? योजलेलें तपमान खोलीच्या तपमानाहून अधिक आहे ना? दोन्हीं ठीक होतें. विजेच्या फलकावरील खटका पडलेला नव्हता. पडलेला असल्यास तो एकदांच वर करावा. पुन्हां पडल्यास हात लावूं नये. आंतील जाळी काढून पाहिली; ती धुळीनें तुंबली, तर हवा खेळत नाहीं. आमची स्वच्छ होती.

राहिली बाहेरची पेटी. तेथें जातांना माझीं पावलें जड झालीं. कारण आदल्या सायंकाळीं, पावसाळ्यापूर्वीं आपण गच्चीवरच्या वस्तू झांकतों त्याप्रमाणें, बर्फ पडणार म्हणून मीच त्या पेटीवर ताडपत्री घालून ती दोरीनें आवळून बांधली होती, आणि कोणास सांगितलें नव्हतें! विहिरीच्या तोंडावर फळी टाकून मोट हांकण्यासारखाच तो प्रकार. हवा मिळेना, तेव्हां नळ्या अतिशय थंड होऊन त्यांवर बर्फाचा थर चढला होता, आणि यंत्रानें आत्मरक्षणार्थ काम थांबविलें होतें.

ताडपत्री सोडून मीं फावडें उचललें, तों सूनबाईंनीं हात धरला. बर्फ फोडूं गेल्यास पातळ पत्र्या वांकतात, नळीस भोंक पडतें, आणि शेंकड्यांनीं डॉलरांचें काम निघतें. आम्हीं मऊ झाडूनें भोंवतालचा बर्फ दूर केला, खटका कांहीं मिनिटें बंद ठेवून पुन्हां लावला. तीनेक मिनिटें कांहींच हालचाल नव्हती. यंत्र मुद्दामच थांबून सुरू होतें. थोड्या वेळानें बाहेरच्या पेटींतून वाफ निघूं लागली, आणि आंतील वारा थांबला. यंत्र जळालें, असें मला वाटलें. परंतु तें स्वतःचाच बर्फ वितळवीत होतें. असें तें हिंवाळ्यांत मधून मधून करतें, व पांच ते पंधरा मिनिटांत पूर्ववत् होतें. दोनतीन वेळां तसें झाल्यावर दुपारीं घरांत ऊब आली.

हवा मोकळी असूनही बर्फ सांचतच राहिला, नळीजवळ तेलकट डाग दिसले अथवा खटका वारंवार पडूं लागला, तर मात्र गृहस्थाचें काम संपलें असें समजावें. आंतील द्रव हाताळण्यास अमेरिकेंत परवानाधारक कारागीरच लागतो, आणि तेंच इष्ट आहे.

सायंकाळीं चिरंजीवांचा दूरध्वनि आला. "बाहेरच्या पेटीवर कांहींतरी अडकलें होतें, निघालें," एवढेंच सूनबाईंनीं सांगितलें. मीं त्यांच्या हातून दूरध्वनि घेतला आणि काय अडकलें होतें व तें कोणीं अडकविलें होतें, तें सर्व सांगितलें. चाळीस वर्षें मुलांच्या चुका तपासण्यांत गेलीं. स्वतःची चूक स्वतः सांगणें त्या मानानें फार अवघड नव्हतें. परक्या घरच्या वस्तूस, मग ती मुलाचीच कां असेना, हात लावण्यापूर्वीं तिची रीत विचारून घ्यावी, हें मात्र मी आतां विसरणार नाहीं.