खेळाला नाव काय दिलं?

दोघांनी एकमेकांना न विचारता निवड करायची. दोघांनीही साथ दिली तर प्रत्येकाला ४० सेंट. दोघांनीही दगा दिला तर कुणालाच काही नाही. एकट्यानेच दगा दिला तर त्याला ८० सेंट, आणि भरवसा ठेवणाऱ्याचे २० सेंट जातात.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वर्दा लिबरमन, स्टीव्हन सॅम्युएल्स आणि ली रॉस यांनी विद्यार्थ्यांना हा खेळ खेळायला लावला. निम्म्यांना त्याचं नाव ‘वॉल स्ट्रीट गेम’ असं सांगितलं, निम्म्यांना ‘कम्युनिटी गेम’. नियम आणि पैसे अगदी तेच. तरी ‘कम्युनिटी’वाल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांनी साथ दिली, ‘वॉल स्ट्रीट’वाल्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश जणांनी.

२००४ साली छापून आलेल्या या अभ्यासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र वेगळा आहे. कोण साथ देईल आणि कोण दगा देईल, हे वसतिगृहात या मुलांवर देखरेख ठेवणाऱ्यांना आधीच विचारलेलं होतं. रोज त्यांच्यात वावरणाऱ्यांचा हा अंदाज, पण तो कामाला आला नाही. ‘भला’ आणि ‘स्वार्थी’ अशी ख्याती असलेली मुलं जवळपास सारखीच वागली. इस्रायलमध्ये हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींवर हाच प्रयोग झाला, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांचे अंदाजही असेच फसले. एखाद्याला आपण किती सहज आपमतलबी ठरवून टाकतो! त्याला कोणत्या खेळात उभं केलंय, हे आधी बघायला हवं.

पण नावामुळे हाव जागी होते का? स्टॉकहोममध्ये टोरे एलिंगसन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. त्यांचा अभ्यास २०१२चा. दोघांनी एकाच वेळी निवड करण्याऐवजी त्यांनी पाळीपाळीने खेळवलं. दुसऱ्याला पहिल्याची चाल दिसू लागली आणि नावाचा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे माणसाचं मन पालटत नव्हतं. समोरचा काय करील, याविषयीची त्याची अटकळ पालटत होती. ‘वॉल स्ट्रीट’, म्हणजे शेअर बाजार, म्हटलं की समोरचा फसवणार असं वाटतं, मग आपणच का भरडून निघावं?

कधी लोक नाव स्वतःच घेऊन येतात. केनियातल्या ओर्मा पशुपालकांमध्ये जीन एन्समिंगर यांनी सामायिक निधीचा खेळ मांडला: जमलेले पैसे दुप्पट करून सगळ्यांत सारखे वाटायचे. लोकांनी त्याला लगेच ‘हरांबे’ ठरवलं. शाळेसारख्या सार्वजनिक कामासाठी तिथे गावोगाव वर्गणी काढतात, ती हरांबे. या खेळात त्यांनी हातातल्या पैशांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त पैसे निधीत टाकले.