मुलींच्या शाळेचे मैदान : सुरतच्या अनुभवातून काही धडे

३० ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिलांनी ४ × ४०० मीटर रिले शर्यत ३ मिनिटे २८.७२ सेकंदांत जिंकली. हिमा दास, एम. आर. पूवम्मा आणि व्ही. के. विस्मया यांच्यासोबत त्या संघात दक्षिण गुजरातच्या डांग जिल्ह्यातील सरिता गायकवाड होती. धावण्याच्या शर्यतींकडे वळण्यापूर्वी ती खो-खो खेळत असे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे नमवणाऱ्या, प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालील भारतीय महिला संघातही डांगचीच ओपिना भिलार होती.

डांग हा डोंगराळ, आदिवासी आणि गुजरातमधील सर्वांत लहान जिल्ह्यांपैकी एक. त्याच दक्षिण गुजरातेत हिरे आणि कापडाच्या व्यापाराने समृद्ध झालेले सुरत शहर आहे. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील टेबल टेनिस आणि बॅडमिंटनचे सामने येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झाले. वाळूवरील व्हॉलीबॉल आणि हँडबॉल डुमसच्या किनाऱ्यावर रंगले. स्टेडियमची उणीव नसलेल्या अशा शहरात मुलींच्या शाळेने आपला क्रीडा उपक्रम उभारायचा ठरवला, तर सुरुवात कोठून करावी? या प्रश्नाचे उत्तर सुरतपुरते मर्यादित नाही. सुरतनंतर वर्षभरातच, २०२३ मध्ये, ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवणाऱ्या गोव्यालाही ते तितकेच लागू पडते.

मुली मैदान सोडतात ते वय

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी. संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासात ११ ते १७ वयोगटातील सुमारे ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलगे या मर्यादेपर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले. चौथीपर्यंत मधल्या सुट्टीत अंगणभर धावणारी मुलगी सातवी-आठवीत मैदानाच्या कडेला उभी राहू लागते, हे कोणतीही शिक्षिका सांगू शकेल.

त्यामागची कारणे क्रीडाकौशल्याशी क्वचितच निगडित असतात. पाळी सुरू झालेली असते आणि शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसते. कपडे बदलायला आडोसा नसतो. सराव संपेपर्यंत अंधार पडतो आणि घरी सोडायला कोणी नसते. प्रशिक्षक पुरुष असल्याने अडचण बोलून दाखवता येत नाही. घरात पाणी भरणे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे हीही कामे तिच्याचकडे येतात. म्हणूनच नव्या सुविधेचा आराखडा सर्वांत वेगवान मुलीला समोर ठेवून करण्यापेक्षा, मैदान सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलीला समोर ठेवून केला पाहिजे.

कायदा आणि शासकीय योजना

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी मैदान, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य आवश्यक मानले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत विद्यार्थीसंख्या शंभरावर असेल, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक नेमण्याची तरतूद आहे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना क्रीडासाहित्यासाठी वर्षाला प्राथमिक स्तरावर ५ हजार, उच्च प्राथमिक स्तरावर १० हजार आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरावर २५ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. या रकमेतून चेंडू, जाळ्या, दोऱ्या आणि उडीच्या गाद्या घेता येतात. बांधकाम होत नाही.

गुजरातने याला दोन गोष्टींची जोड दिली. २०१० मध्ये सुरू झालेला ‘खेल महाकुंभ’ तळापासून राज्यस्तरापर्यंत चढत जातो आणि दिव्यांगांसाठी त्याची स्वतंत्र स्पर्धा भरते. त्यातून पुढे आलेल्या मुलामुलींना जिल्हास्तरीय क्रीडा शाळांत प्रवेश मिळू शकतो. तेथे निवास, आहार, शिक्षण आणि प्रशिक्षण यांची व्यवस्था एकाच छताखाली असते. पहिली योजना मोठ्या संख्येने मुलांना खेळायला लावते आणि दुसरी त्यांतील निवडकांना घडवते. या दोहोंच्या मध्ये उभी असते ती सामान्य शाळा. रोजचा तास तेथेच व्हायचा असतो. तो झाला नाही तर निवडीला मुली येणार कोठून?

सुरतमध्ये या सामान्य शाळेची रूपे अनेक आहेत. विधवा व निराधार स्त्रियांच्या शिक्षणासाठी १९०७ मध्ये स्थापन झालेल्या वनिता विश्राम या संस्थेकडे शहराच्या मध्यवस्तीत मोठे मोकळे मैदान आहे. दुसऱ्या टोकाला महापालिकेच्या शाळा आहेत. गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगू माध्यमांतूनही त्या चालतात. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून कापडउद्योगात कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुली शिकतात. दाट वस्तीतील अशा शाळांना मोकळ्या जागेची चैन परवडत नाही.

कमी जागेत किती खेळ?

जागा नाही म्हणून खेळ नाही, ही समजूत मोजमापांपुढे टिकत नाही. आठ मार्गिकांच्या ४०० मीटर धावपट्टीला सुमारे १७७ × ९३ मीटर, म्हणजे चार एकरांच्या आसपास जागा लागते. ती बहुतेक शहरी शाळांच्या आवाक्याबाहेरच असते. याउलट महिलांच्या कबड्डीचे मैदान केवळ १२ × ८ मीटरचे असते. व्हॉलीबॉलला १८ × ९, खो-खोला २७ × १६ आणि बास्केटबॉलला २८ × १५ मीटर जागा पुरते. बास्केटबॉलच्या चौफेर दोन मीटर मोकळे सोडले तर ३२ × १९ मीटरचा एक चौथरा होतो. त्याच चौथऱ्यावर वेगवेगळ्या रंगांच्या रेषा आखून व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनही खेळता येते. कबड्डीसाठी त्यावर मॅट अंथरावी. खो-खो मात्र मातीतच ठेवणे श्रेयस्कर, कारण सूर मारताना आणि खांबाला वळसा घालताना कठीण फरशीवर गुडघे सोलवटतात. धावण्याच्या सरावासाठी भिंतीलगतची ६० मीटरची सरळ पट्टीही पुष्कळ उपयोगी पडते.

टेबल टेनिससाठी तर एखादी रिकामी वर्गखोली पुरते. टेबलाची लांबी २.७४ मीटर आणि रुंदी १.५२५ मीटर. हरमीत देसाई आणि मानव ठक्कर हे आंतरराष्ट्रीय खेळाडू सुरतचेच असल्याने या खेळाची जाण शहरात आधीपासून आहे. गुजरातच्याच भाविना पटेल यांनी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये चाकाच्या खुर्चीवरून खेळत रौप्यपदक जिंकले. त्यामुळे टेबलाच्या खोलीपर्यंत उतरता मार्ग आणि दाराची पुरेशी रुंदी आराखड्यातच असावी. बांधकाम झाल्यावर पायऱ्या फोडण्याचा खर्च अधिक येतो.

जागेची दिशाही महत्त्वाची. उघड्यावरील मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे ऊन खेळाडूंच्या डोळ्यांवर येत नाही. सुरतमध्ये पावसाळ्याचे चार महिने मातीचे मैदान वारंवार चिखलात जाते, तर एप्रिल-मेमध्ये ते तापते. त्यामुळे पैसे मोजकेच असतील, तर महागड्या सिंथेटिक थरापेक्षा चौथऱ्यावर उंच पत्र्याचे छप्पर अधिक दिवस खेळ मिळवून देते. व्हॉलीबॉलसाठी छपराखाली किमान ७ मीटर मोकळी उंची राखावी आणि बाजू वाऱ्यासाठी उघड्या ठेवाव्यात.

प्रथम पाणी, मग फरशी

उद्घाटनाच्या छायाचित्रात न दिसणाऱ्या गोष्टी मुलींसाठी निर्णायक ठरतात. मैदानालगत पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह, कडी लागणारी कपडे बदलण्याची खोली, सॅनिटरी पॅड आणि त्यांची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी आणि पुरेसे दिवे यांचा खर्च अंदाजपत्रकात सर्वांत वर लिहावा. गणवेशाबाबत आग्रह नको. एखाद्या मुलीला पूर्ण बाह्यांचा अंगरखा, लांब पायजमा किंवा डोक्याला रुमाल बांधून खेळायचे असेल, तर तिला खेळू द्यावे.

शक्य तेथे महिला प्रशिक्षक नेमावी. प्रशिक्षक कोणीही असो, बंद खोलीत एकट्या मुलीला सराव न देणे, प्रवासात महिला शिक्षिका सोबत असणे आणि तक्रार कोणाकडे करायची हे प्रत्येक मुलीला ठाऊक असणे, हे नियम लेखी स्वरूपात हवेत. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा क्रीडांगणालाही लागू आहे.

आहाराचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के आणि गुजरातमधील ६९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात लोह कमी असेल तर दोन फेऱ्यांतच धाप लागते आणि शिक्षक तिला आळशी ठरवून मोकळे होतात. मोसमाच्या प्रारंभी हिमोग्लोबिनची तपासणी, शाळांतून दिल्या जाणाऱ्या साप्ताहिक लोहगोळ्या नियमित घेतल्या जातात की नाही यावर लक्ष आणि सरावानंतर शेंगदाणे-गूळ, चणे किंवा उसळ, एवढे तरी शाळेला करता येते.

उड्या आणि अचानक वळणे असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला मुलांपेक्षा अधिक इजा होते. उडी मारून नीट उतरण्याचा, मांड्यांच्या स्नायूंचा आणि तोल सांभाळण्याचा सराव अंग तापवण्याच्या वेळीच करून घेतल्यास हा धोका घटतो.

वेळापत्रकात जागा

इमारत झाली तरी वेळापत्रकात तास नसेल तर तिला कुलूपच राहते. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या जादा वर्गाला द्यायचा नाही, हा पहिला नियम. वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस खेलो इंडियाच्या शालेय चाचण्या घ्याव्यात. नऊ वर्षांवरील मुलींसाठी त्यांत ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि सुलभ दंड यांचा समावेश आहे. या नोंदींतून मुलींची क्रमवारी लावू नये. प्रत्येकीची तुलना तिच्याच जुन्या नोंदीशी व्हावी. शाळेचा संघ बारा जणींचा असेल, पण उरलेल्या शेकडो जणींसाठी वर्गावर्गांतील सामने हवेतच. यशाचे मोजमापही बदलावे लागेल. चषकांच्या कपाटाशेजारी आणखी एक आकडा लिहावा : सहावीत खेळणाऱ्या किती मुली दहावीतही खेळत आहेत?

राष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्ताने गोव्यात सुविधा उभ्या राहिल्या, सुरतलाही त्यांचा लाभ झाला. त्या सुविधांचा पुढचा उपयोग परिसरातील शाळांच्या मुलींना ठरावीक वेळ राखून देण्यातून होऊ शकतो. गोव्यात पाऊस सुरतपेक्षा कितीतरी अधिक असल्याने छपराखालच्या मैदानाची गरज येथे दुप्पट आहे. मात्र छप्पर घालण्याआधी शाळेच्या व्यवस्थापनाने एकदा आठवीच्या वर्गात जाऊन, मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मुलींना त्याचे कारण विचारावे. त्यांची उत्तरे लिहून घेतली, तर खर्चाचा क्रम आपोआप लागतो.