नव्या धंद्याला ऊब कोण देणार?

धंदा सुरू करणे आपल्याकडे फार अवघड मानले जात नाही. हातात हुनर असते, चार पैसे गाठीला असतात, मामा किंवा चुलता थोडा हातभार लावतो आणि एखाद्या चांगल्या दिवशी दुकानाचे शटर वर जाते. अवघड असते ते पुढचे. पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरतो, दुसऱ्या वर्षी उधारी तुंबते आणि तिसऱ्या वर्षी त्याच शटरवर ‘गाळा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागते. बऱ्याचदा दोष कारागिराच्या हातात नसतो. सुतार उत्तम असतो, बेकरीवाल्याची खारी खुसखुशीत असते. कमी पडते ती सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांतली साथ. अशी साथ पद्धतशीरपणे देणाऱ्या संस्थेला ‘बिझनेस इन्क्युबेटर’ म्हणतात. मराठीत तिला उद्योग-उबवणी केंद्र म्हणू या.

कर्नाळा-पनवेल परिसरातील व्यापारी आणि कारागिरांनी हा विषय समजून घेण्याची आज विशेष गरज आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. जागांचे भाव चढले, गाळ्यांची भाडी चढली. मोठ्या भांडवलवाल्यांना हा काळ सोन्याचा आहे. पण भाड्याच्या शेडमध्ये रंधा मारणाऱ्याचे, वेल्डिंग करणाऱ्याचे काय? पनवेल शहर एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी ओळखले जाई. मोटारी आल्या आणि तो धंदा गेला. काळ बदलताना ज्याला नवे काम शिकायला आसरा मिळतो, तो टिकतो. ज्याला मिळत नाही, तो मजूर होतो.

नाव कसे पडले?

‘इन्क्युबेटर’ म्हणजे अंडी उबवण्याचे यंत्र. धंद्याशी त्याचा संबंध कसा आला, याची हकिकत मजेदार आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बटाव्हिया नावाचे छोटे शहर आहे. तेथील शेतीयंत्रांचा मोठा कारखाना बंद पडला आणि गावात बेकारी पसरली. १९५९ साली मॅनकुसो या स्थानिक व्यापारी कुटुंबाने ती आठ लाख चौरस फुटांहून मोठी इमारत विकत घेतली. एवढी जागा घेणारा एकच भाडेकरू मिळेना. तेव्हा जोसेफ मॅनकुसो यांनी इमारतीचे तुकडे पाडून छोट्या-छोट्या उद्योगांना जागा द्यायला सुरुवात केली. जागेबरोबर कार्यालयाच्या सोयी, हिशेबाचा सल्ला आणि भांडवल मिळवण्यास मदतही दिली. सुरुवातीच्या भाडेकरूंत कोंबडीची पिल्ले तयार करणारी एक कंपनी होती. त्यावरून मॅनकुसो थट्टेने म्हणू लागले की आपण येथे धंदे उबवतो आहोत. थट्टेतले नाव पुढे जगभर रूढ झाले.

हे केंद्र सरकारी योजनेतून किंवा विद्यापीठातून निघाले नाही. एका व्यापारी कुटुंबाने रिकामी जागा आणि आपला अनुभव कामाला लावला, एवढीच त्याची सुरुवात आहे.

छोटा धंदा का बुडतो?

पहिले कारण म्हणजे बांधील खर्च. समजा, एका सुताराने कर्ज काढून सहा लाखांची यंत्रे घेतली. सुरुवातीला त्याच्याकडे दिवसाला दोनच तासांचे काम आहे. उरलेला वेळ यंत्र बंद असते, पण हप्ता, भाडे आणि विजेचा किमान आकार चालूच असतात. हेच यंत्र चार कारागिरांनी तासाच्या हिशेबाने वापरले, तर कोणालाच सहा लाखांचे ओझे नको.

दुसरे कारण म्हणजे कच्चा हिशेब. घरचा पैसा आणि गल्ल्यातला पैसा एकच असतो. लाकूड, फेविकॉल आणि मजुरी धरून किंमत सांगितली जाते, पण स्वतःची मेहनत, जागेचे भाडे आणि वाया गेलेला माल धरला जात नाही. महिनाभर काम करूनही हातात काही का उरत नाही, हे मग कळत नाही.

तिसरे कारण म्हणजे एकाच दारावर उभे राहणे. सगळा माल एकाच ठेकेदाराला जातो, आणि त्याने पैसे अडवले की धंदा अडतो. बँकेच्या बाबतीतही हेच आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने जून २०२० मध्ये निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द केला. ठेवींना विम्याचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंतच असते, आणि ती रक्कम मिळेपर्यंत थांबावे लागते. अशा वेळी ज्याचे सारे खेळते भांडवल एकाच खात्यात अडकते, त्याचे गिऱ्हाईक शाबूत असूनही माल आणायला पैसा राहत नाही.

चौथे कारण म्हणजे कागदपत्रांची भीती. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास व्याजही द्यावे लागते. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती विनामूल्य होते. तरीही आपले कितीतरी कारागीर तिच्याशिवाय काम करतात आणि हक्काच्या पैशासाठी ठेकेदाराच्या दारात खेटे घालतात.

केंद्र करते काय?

चांगले उबवणी केंद्र या चारही दुखण्यांवर इलाज करते. कमी भाड्यात छोटी जागा देते, सामाईक यंत्रे वापरू देते, हिशेब आणि किंमत कशी ठरवावी ते शिकवते, नोंदणी व परवान्यांची वाट दाखवते आणि नव्या गिऱ्हाइकांशी गाठ घालून देते. शेजारच्या गाळ्यात आपल्यासारखाच नवा माणूस धडपडत असतो. त्याच्याकडूनही शिकायला मिळते. मात्र हे सारे ठरावीक मुदतीपुरतेच असते. दोन-तीन वर्षांनी पिल्लाने घरटे सोडायचे असते. जागा कायमची मिळाली तर ते केंद्र राहत नाही, स्वस्त भाड्याची चाळ होते.

आपल्या कारागिरांना ही रीत अगदीच परकी नाही. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द राहत असे, त्याच्याच अवजारांवर शिकत असे, आणि हात बसला की उस्तादच त्याला पहिले गिऱ्हाईक जोडून देई. जुने व्यापारी नव्या मुलाला पहिला माल उधारीवर देत. उबवणी केंद्र ही त्याच रिवाजाची आजची, नियमांत बसवलेली आवृत्ती आहे.

कर्नाळ्याच्या पायथ्याचे उदाहरण

कर्नाळा अभयारण्य ओलांडून पेणच्या दिशेने निघाले की महामार्गालगत तारा हे गाव लागते. तेथे युसूफ मेहेरअली सेंटरचे काम आहे. युसूफ मेहेरअली हे स्वातंत्र्यलढ्यातील समाजवादी नेते. १९४२ साली ते मुंबईचे महापौर होते, आणि ‘चले जाव’ या घोषणेचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. १९५० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने १९६१ साली ही संस्था उभी राहिली. संस्थापकांपैकी डॉ. जी. जी. पारीख ऑक्टोबर २०२५ मध्ये निधन होईपर्यंत या कामाशी जोडलेले होते. दवाखान्याबरोबरच ग्रामोद्योगही येथे रुजले. तेलघाणी, साबण, कुंभारकाम अशी कामे गावातच उभी राहिली.

या कामाला कोणी इन्क्युबेटर म्हटले नाही. पण मूळ विचार तोच दिसतो. एकट्या माणसाला तेलाची घाणी बसवणे परवडत नाही, साबणाचा दर्जा सांभाळणे जमत नाही, आणि मुंबईच्या गिऱ्हाइकापर्यंत तो पोहोचत नाही. संस्थेच्या छपराखाली या तिन्ही गोष्टी होऊ शकतात.

आज दार कोठे ठोठवावे?

तंत्रज्ञानावर आधारलेल्या उद्योगांसाठी पवईच्या आयआयटीतील ‘साइन’ आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील ‘व्हेंचर सेंटर’ ही नावाजलेली केंद्रे आहेत. पनवेलहून लोकलने जाण्यासारखे केंद्र वाशीला आहे. फादर अ‍ॅग्नेल संकुलातील ‘सिबा’. शिकलेल्या मुलांनी तेथे जरूर चौकशी करावी.

साध्या कारागिरांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली ‘ॲस्पायर’ योजना काढली. तिच्यात उपजीविका उबवणी केंद्रांची तरतूद झाली, म्हणजे सुतारकाम, शिवण, खाद्यपदार्थ अशा कामांचे प्रशिक्षण आणि यंत्रे एकाच ठिकाणी. २०२२ साली आलेल्या ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजनेत मान्यताप्राप्त संस्थेमार्फत निवडलेल्या कल्पनेला १५ लाख रुपयांपर्यंत साह्य ठरवले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, गवंडी, कुंभार यांसह १८ व्यवसाय आहेत. तिच्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांची मदत आहे. कर्ज घेणे हा पुढचा, वेगळा प्रश्न आहे. अवजारे आणि प्रशिक्षण तरी सोडू नये. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक विशेष वर्गात धरले गेले आहेत, आणि ग्रामीण भागात त्यांच्यासाठी प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान ठेवले गेले. अर्जापूर्वी चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात पाहून घ्यावेत.

डोळे उघडे ठेवा

अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, केंद्रातून बाहेर पडलेल्या उद्योगांपैकी ८७ टक्के चालू असल्याचे आढळले होते. आकडा मोठा आहे, पण त्याला भुलू नये. केंद्रे मुळातच निवडक, होतकरू माणसे घेतात; अशी माणसे बाहेरही बऱ्यापैकी तगली असती. शिवाय केंद्राच्या नावाखाली नुसती टेबल-खुर्ची भाड्याने देणारेही पुष्कळ आहेत.

म्हणून आत जाण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. भाडे आणि यंत्राचा तासाचा दर लेखी मिळेल काय? केंद्र धंद्यात हिस्सा मागते काय, आणि किती? मार्गदर्शन करणाऱ्याने स्वतः कधी धंदा केला आहे काय? मागच्या तीन वर्षांत बाहेर पडलेले लोक आज कोठे आहेत, त्यांना भेटता येईल काय? शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करील, त्याच्यापासून दूर राहावे.

आपल्या हातात काय आहे?

पनवेलमध्ये अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे. शहरात जुने व्यापारी आहेत, ट्रस्ट आहेत, दिवसभर रिकामी राहणारी सभागृहे आणि गोदामे आहेत. अशा एखाद्या गोदामात चार सामाईक यंत्रे, आठवड्यातून एक दिवस बसणारा हिशेबनीस आणि महिन्यातून दोन तास देणारे पाच अनुभवी व्यापारी, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. दहा तरुणांना दोन वर्षांसाठी घ्यावे, नियम लेखी करावेत, मुदत संपली की जागा पुढच्या दहांना द्यावी. सरकारी अनुदान मिळाले तर उत्तम. त्याची वाट पाहत मात्र बसू नये.

आपल्याकडे नवे दुकान उघडले की मुबारकबाद द्यायला शंभर माणसे येतात. त्यांतल्या पाच जणांनी सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन ‘हिशेब दाखव, कोठे अडले ते सांग’ एवढे विचारले, तरी पुष्कळ शटर उघडी राहतील.