आहारपूरके आणि औषधे यांतील आंतरक्रिया : एक दुर्लक्षित धोका

जीवनसत्त्वे, खनिजे व वनस्पतींचे अर्क यांच्या गोळ्या आज डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सर्वत्र मिळतात. त्या घेणारी व्यक्ती त्यांना बहुधा औषध मानत नाही. 'सध्या कोणती औषधे चालू आहेत?' असे डॉक्टरांनी विचारल्यास रक्तदाबाची गोळी सांगितली जाते, हळदीच्या अर्काची कॅप्सूल सांगायची राहून जाते. ही राहून गेलेली माहिती शरीरात काय घडवू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचे उदाहरण या संदर्भात सर्वाधिक बोलके आहे. सौम्य नैराश्यावर ती युरोपात दीर्घकाळ वापरली जाते. २००० साली झुरिच येथील डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांचेही हृदय प्रत्यारोपण झाले होते आणि शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून त्यांना सायक्लोस्पोरीन चालू होते. तरीही हृदय नाकारले जाण्याची लक्षणे दिसू लागली. सायक्लोस्पोरीनची रक्तातील पातळी घसरली होती. दोघेही सेंट जॉन्स वर्टचा अर्क घेत असल्याचे आढळले. तो थांबविल्यावर पातळी पूर्ववत झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, एचआयव्हीवरील इंडिनावीर या औषधाचे निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील एकूण प्रमाण या अर्कामुळे सरासरी ५७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी इशारा दिला.

यामागील यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. यकृत व आतडे यांतील सीवायपी ३ए४ हे विकर अनेक औषधांचे विघटन करते. सेंट जॉन्स वर्टमधील हायपरफोरिन हे द्रव्य पेशींतील एका ग्राहक-प्रथिनाला चिकटून या विकराची निर्मिती वाढविते. औषध नेहमीचेच असते, पण ते अधिक वेगाने नष्ट होते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनही हेच करते आणि ते देताना डॉक्टर इतर औषधांची मात्रा तपासतात. वनस्पतीच्या अर्काबाबत ही दक्षता कोण घेणार? शिवाय हा परिणाम अर्क बंद केल्यावर लगेच जात नाही. त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. दरम्यान डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढविली असेल, तर नंतर तीच मात्रा अतिरेकी ठरते.

आपल्याकडे सेंट जॉन्स वर्ट फारसे प्रचलित नाही, पण मिरी घरोघरी आहे. मिरीतील पायपेरीनचा परिणाम नेमका उलट, म्हणजे वरील विकराला अडविण्याचा असतो. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील (नामसाम्य केवळ योगायोगाचे) संशोधकांनी १९९८ मध्ये, २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरीन दिल्यास करक्युमिनचे शोषण सुमारे २००० टक्क्यांनी वाढते, असे दाखविले. तेव्हापासून हळदीच्या अनेक कॅप्सूलमध्ये पायपेरीन मिसळलेले असते. मात्र पायपेरीन केवळ करक्युमिनपुरते काम करीत नाही. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलिन यांची रक्तातील पातळी त्यामुळे वाढल्याचे भारतीय अभ्यासांत नोंदले गेले आहे. यांपैकी फेनिटॉइनबाबत अधिक काळजी हवी. अपस्मारावरील या औषधाची उपयुक्त व विषारी पातळी यांत अंतर थोडेच असते. तोल जाणे, डोळे फिरणे, गुंगी येणे ही त्याच्या अतिरेकाची लक्षणे वाढत्या वयाच्या खात्यावर सहज जमा होतात. आमटीतील चिमूटभर मिरी आणि रोजची एकवटलेली मात्रा यांत फरक आहेच. पण कॅप्सूलच्या डबीवर बहुधा हळदीचे चित्र असते, मिरीचे नाव आतल्या बारीक अक्षरांत सापडते.

भारतात ही उत्पादने २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात. २०१६ च्या विनियमांनी त्यांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापणे सक्तीचे केले. उत्पादकाने रोग बरा करण्याचा दावा करू नये, हा तिचा हेतू योग्यच आहे. ग्राहक मात्र तिचा अर्थ 'हे औषध नाही, म्हणजे निर्धोक आहे' असा लावतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सर्वच आंतरक्रिया इतक्या गुंतागुंतीच्या नसतात. जीवनसत्त्व 'के' असलेली गोळी वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा परिणाम थेट कमी करते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम वा लोह एकाच वेळी घेतल्यास ती द्रव्ये आतड्यातच गोळीला बांधून ठेवतात व तिचे शोषण घटते. तपासणीत टीएसएच वाढलेले दिसते आणि मात्रा वाढविली जाते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊन कॅल्शियम वा लोह किमान चार तासांनी घेतले, तर बहुधा ही वाढ करावी लागत नाही.