विरल मृत्तिका, सीमावर्ती समुद्रांतील

विरल मृत्तिका, सीमावर्ती समुद्रांतील : खंडांच्या कडेच्या, महासागरांपासून अंशतः अलग झालेल्या समुद्रांच्या पाण्यात लँथॅनम ते ल्युटेशियम (अणुक्रमांक ५७ ते ७१) ही मूलद्रव्ये, प्रोमेथियमाचा अपवाद सोडल्यास, विरघळलेल्या स्थितीत आढळतात. बहुतेकांचे प्रमाण लिटरमागे काही नॅनोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. नद्या त्यांचा मोठा पुरवठा करतात. परंतु खाऱ्या पाण्यात मिसळताच नदीतील कलिल कण साखळून खाली बसतात व पुष्कळशा विरल मृत्तिका नदीमुखातच अडकतात. हलक्या मूलद्रव्यांची घट अधिक होते. जड मूलद्रव्ये कार्बोनेटाशी जटिल संयुगे बनवून पाण्यात टिकतात.

सिरियमाचे वर्तन मात्र निराळे आहे. ऑक्सिजनयुक्त पाण्यात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते कणांना चिकटते व शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने पाण्यात त्याची तूट पडते. काळ्या समुद्रात सु. १०० ते २०० मी. खाली ऑक्सिजन नसून हायड्रोजन सल्फाइड असतो. तेथे मँगॅनिजाची ऑक्साइडे विरघळतात, त्यांवरील सिरियम मोकळे होते आणि ही तूट नाहीशी होते. प्राचीन समुद्रांतील ऑक्सिजनाचे अनुमान गाळाच्या खडकांतील सिरियमावरून करतात ते याच आधारावर.

उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात गॅडोलिनियमाचे आधिक्य आढळले आहे. १९८८ पासून चुंबकीय अनुस्पंदन चित्रणासाठी रुग्णांना टोचली जाणारी त्याची संयुगे सांडपाण्यावाटे नद्यांत जातात. शुद्धीकरण केंद्रांत ती फारशी अडत नाहीत आणि अत्यंत स्थिर असल्याने नदीमुखातील गाळालाही चिकटत नाहीत. त्यामुळे अशा किनाऱ्यांवर एकूण गॅडोलिनियमावरून नैसर्गिक प्रक्रियांचा अंदाज बांधणे फसवे ठरते.