लोअर परळची उत्तराभिमुख छपरे

लोअर परळ स्थानकातून उतरून ना. म. जोशी मार्गाने, म्हणजे जुन्या माणसांच्या डिलाइल रोडने, चालू लागले असता काचेच्या उत्तुंग इमारतींच्या दाटीत मथुरादास मिलचे आवार लागते. आणि ज्या गिरणगावात एके काळी भोंग्याच्या हुकुमाने दिवस उगवत असे, त्याचे जुने इमले पार जमीनदोस्त न होता जेथे नव्या कामाला लागले, अशा मोजक्या ठिकाणांत या आवाराची गणना करावी लागेल. आज येथे कार्यालये आहेत, उपाहारगृहे आहेत आणि संगणकापुढे बसलेली तरुण मंडळी आहेत.

अशा रूपांतराचे खरे मर्म छपरात आहे. साचेखात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे बांधीत व त्याच्या उभ्या काचा उत्तरेकडे ठेवीत. कारण आपल्या अक्षांशावर उत्तरेकडून ऊन जवळजवळ थेट येतच नाही, येतो तो केवळ शांत, एकसारखा उजेड, आणि साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराला तुटलेला धागा तत्क्षणी दिसावा, यासाठी नेमका तोच हवा असे. ओतीव लोखंडाच्या खांबांच्या माथ्याशी कोठे कोठे कंस आणि बोल्टांची भोके दिसतात, तेथून यंत्रांना गती देणारा दांडा फिरत असे व त्यावरून खाली साच्यांना पट्टे जात. डोळ्यांच्या कामासाठी बांधलेली ही वास्तू पडद्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांनाही तितकीच मानवते. म्हणूनच ज्या वास्तुविशारदांनी खोटे छत ठोकून तो उजेड बंद केला, त्यांनी जुन्या गिरणीतील सर्वांत मोलाची वस्तू बिनदिक्कत गमावली, असे माझे स्पष्ट मत आहे. वातानुकूलनाची सोय खांबांच्या ओळींतूनही करता येते. फक्त तशी तजवीज आरंभीच नकाशात हवी.

जुन्या वास्तूत माणसांची गर्दी आणायची, तर आगीचा विचारही नव्यानेच करावा लागतो. जवळच्याच कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा अंत झाला, ही गोष्ट या आवारांत कामाला येणाऱ्या कोणालाही विसरता येण्याजोगी नाही.

परंतु हे इमले रिकामे झाले कसे? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही, आणि गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ अन्वये गिरण्यांच्या जमिनीची महापालिका, म्हाडा आणि मालक अशी विभागणी व्हावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. परिणामी घरांसाठी हाती यावयाची जमीन फार आकसली, आणि ज्यांच्या बापांनी या छपरांखाली पाळ्या केल्या, त्यांतील असंख्य वारसांचे घरांसाठीचे अर्ज अद्याप पडून आहेत.