विश्लेषण : सौम्य वाऱ्यातही चिमणी का डोलते?

उंच पोलादी चिमणीच्या माथ्याजवळ गुंडाळलेल्या सर्पिल पट्ट्या शोभेच्या नसतात. त्यामागे ‘स्ट्रौहाल अंका’चे गणित आहे.

नेमके काय घडते?
वारा गोल चिमणीला वळसा घालून पुढे जाताना मागे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूने भोवरे सुटतात. त्यामुळे चिमणीला आडवे झटके बसतात.

स्ट्रौहाल अंक म्हणजे?
झटक्यांची वारंवारिता गुणिले व्यास, भागिले वाऱ्याचा वेग. चेक भौतिकशास्त्रज्ञ चेनेक स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांच्या अभ्यासातून हा संबंध मांडला. या अंकाला एकक नाही. त्यामुळे बारीक तार आणि अवाढव्य चिमणी एकाच मापाने तोलता येतात. गोल आकारासाठी तो बहुधा ०.२ च्या आसपास असतो.

धोका कधी?
चिमणीचा व्यास २ मीटर आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर (ताशी ३६ किमी) असेल, तर सेकंदाला एक आवर्तन होते. चिमणीची नैसर्गिक वारंवारिताही तेवढीच असल्यास डोलणे वाढत जाते आणि कालांतराने जोडांना तडे जाऊ शकतात. म्हणजे धोक्यासाठी वादळच हवे असे नाही. संथ, एकसारखा वाराही पुरतो.

उपाय काय?
सर्पिल पट्ट्यांमुळे चिमणीच्या वेगवेगळ्या उंचीवरील भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत. झटक्यांचा ताल मोडतो आणि डोलणे आटोक्यात राहते.